एक वीत खाली

दादा,

आज साहेबांच्या बागेत जाऊन आले, बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच. कारंज्याभोवतीचं ते झुडपांचं कुंपण बघायचंच होतं. तू छाटलेला तुकडा एक वीत बुटका झाला म्हणून बाबांनी चार लोकांसमोर तुझी लाज काढली, "माळ्याचा मुलगा म्हणवू नकोस" म्हणाले, आणि तू घर सोडलंस.

आज बघते तर अख्खं कुंपण तेवढंच बुटकं! नव्या माळ्याला विचारलं. तो म्हणाला, "ताई, तुमच्या बाबांनीच सगळं खाली आणलं. साहेबांची बोलणी खाल्ली, पण ऐकलं नाही. म्हणायचे, पोरगा परत आला तर त्याची चूक त्याला दिसायला नको."

दादा, तू दोरीबरहुकूमच छाटलं होतंस. उंचीची ती दोरी मी बांधली होती, गप्पांच्या नादात एक वीत खाली. तुला ते माहीत होतं, तरी तू माझं नाव घेतलं नाहीस. मीही तोंड उघडलं नाही.

शेवटच्या दिवसांत बाबा माझा हात धरून म्हणाले, "मी त्याला माफ केलंय, कळव त्याला." मी नुसतं "हो" म्हटलं.

तुझा पत्ता तोंडपाठ आहे. पाकिटावर लिहायचा धीर होत नाही.

तुझी धाकटी