बत्तीस डाल्टनांचा वारसा

मी, घरात थोरली आणि लॅबमध्ये वजनकाटा या नावाने ओळखली जाणारी, वय सत्तावीस, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते आहे. डोकं ठिकाणावर आहे. कुणी जबरदस्ती केलेली नाही. म्हणजे मामीने केली, पण ती वकील आहे, तिला ती सवयच आहे. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. इच्छा मात्र जशा लिहिल्यात तशाच पाळा.

वाचणारे उगाच घाबरतील म्हणून तब्येतीचं आधी सांगते. मी ठणठणीत आहे. रक्तातल्या एका प्रोटीनमध्ये माझ्याकडे जन्मापासून एक चूक आहे. हे प्रोटीन वय वाढेल तसं हृदयात आणि नसांत साचत जातं. ते वेळेवर सापडलं आणि त्यावर आता औषध आहे. डॉक्टर म्हणाले, "म्हातारी होऊन लोकांना छळशील." तरी मामीचं म्हणणं, ज्याच्याकडे सायकल आहे त्याने मृत्युपत्र करावं.

कलम १. घर आईचंच आहे, त्यामुळे ते मी कुणाला देऊ शकत नाही. माझ्या बँकेत जे असेल ते आईला. अट एकच, आधी न्हाणीघरातला गळका नळ बदलायचा. "बघू पुढच्या महिन्यात" हे उत्तर चालणार नाही.

कलम २. सायकल लॅबमधल्या शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला. तिने एकदा हाताला क्रीम चोपडून माझ्या सॅम्पलची झाकणं उघडली होती. क्रीममधलं काहीतरी सॅम्पलमध्ये उतरलं आणि स्क्रीनवर वजनाच्या चव्वेचाळीस-चव्वेचाळीस अंतराने रेघाच रेघा, नुसता कंगवा. दोन आठवडे मी त्या कंगव्याला नवा शोध समजत होते. तिला मी माफ केलंय. सायकलच्या हँडलला तिने हवं तेवढं क्रीम लावावं.

कलम ३. लॅबमधला पांढरा बोर्ड आमच्या लॅबप्रमुख मॅडमच्या केबिनमध्ये, त्यांच्या खुर्चीसमोर लावावा. कारण सविस्तर लिहिते, हा हिशोब मला चुकता करायचाच आहे.

आमचं मशीन म्हणजे फार हट्टी वजनकाटा. प्रोटीन पाण्यात घालून बारीक सुईतून फवारायचं. थेंब सुकतात, प्रोटीनवर विजेचा भार राहतो, आणि ते पार हवा काढलेल्या पोकळीत एका दांडीभोवती घिरट्या घालायला लागतं. जड असेल तर सावकाश, हलकं असेल तर भरभर. त्यावरून वजन कळतं. एवढा अवाढव्य रेणू न तुटता उडतो, हे मला अजून खरं वाटत नाही. चार वर्षं झाली, रोज बघते.

तुलनेला निरोगी माणसाचं रक्त लागतं. आमच्याकडे पद्धत अशी की जो रिकामा दिसेल त्याचं घ्यायचं. एकदा मी रिकामी दिसले. स्क्रीनवरच्या आलेखात माझ्या त्या प्रोटीनच्या जागी एक शिखर यायला हवं, तर आली दोन. दुसरं पहिल्यापेक्षा बत्तीस डाल्टनने जड. डाल्टन म्हणजे साधारण हायड्रोजनच्या एका अणूचं वजन.

मॅडमनी वळूनही बघितलं नाही. "दोन ऑक्सिजन चिकटलेत. सोळा आणि सोळा. शिळं सॅम्पल. बाहेर ठेवून चहाला गेली असशील." आणि बोर्डावर लिहिलं: सॅम्पल बर्फात ठेवणे, वजनकाटा. मी ताजं रक्त दिलं. पुन्हा बत्तीस. बोर्डावरची ओळ लाल झाली. तिसऱ्यांदा बर्फाची पेटी पोटाशी धरून जिना चढले. बत्तीसच.

तेव्हा मशीन सांभाळणारे दशांशकाका, ज्यांना पूर्ण आकडा कधी पुरत नाही, माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"दशांशाचं दुसरं घर बघितलंस का गं?"

"नाही, काका."

"मग काय बघितलंस? प्रोटीनचे तुकडे कर, आणि जो तुकडा जड आहे तो परत तोल."

दोन ऑक्सिजन चिकटले तर वजन ३१.९९ ने वाढतं. प्रोटीनच्या साखळीतली एक विशिष्ट कडी बदलून दुसरी आली तर ३१.९७ ने. आमचं मशीन एवढा फरक ओळखतं. माझं आलं ३१.९७. सॅम्पल शिळं नव्हतं. मीच तशी होते. काका कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले. पुढे हॉस्पिटलात जनुकाची तपासणी झाली, तीही हेच म्हणाली.

मॅडमनी बोर्ड स्वतः पुसला आणि मला घट्ट जवळ घेतलं. पण लाल शाई पूर्ण जात नाही, अजून दिसते. म्हणून बोर्ड त्यांना.

कलम ४. बाबांचं भिंग आणि चिमटा धाकटीला. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. पन्नाशीच्या आधीच त्यांच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या, स्क्रू निसटायला लागले. आम्ही दोघी हसायचो, "बाबा, आज किती सांडले?" तेही हसायचे. मग हृदय जाड झालं, आणि ते गेले. कशाने, ते कुणालाच नीट सांगता आलं नाही. मला आता आकड्यात सांगता येतं. त्यांच्या चिमट्याने मी मशीनची काचेची सुई बसवते. त्याच्या टोकाला त्यांनी गुंडाळलेला दोरा आहे, तो सोडू नये.

कलम ५. लॅबच्या फ्रीझरमधली सतरा नंबरची ट्यूब, हीसुद्धा धाकटीला. धाकटी म्हणजे आमची टिटवी. पोहायला शिकवते, पाण्याखालीही बोलत असावी. माझं निदान व्हायच्या आधी तिनेही तुलनेसाठी रक्त दिलं होतं. ते मशीनवर चढायच्या आत मी बाजूला काढलं. बाबांची ही चूक तिच्याकडे आली असण्याची शक्यता निम्मी. तपासू का, असं वर्षभर विचारते आहे. ती म्हणते, "नंतर." एवढी बडबडी बाई या एका विषयावर एकच शब्द बोलते. उद्या मी नसले तर ही ट्यूब कुणी चुकून तोलू नये आणि कुणी चुकून फेकू नये. काय करायचं ते तिने ठरवावं. टिटवे, नंतर फार लांब नको. औषध लवकर सुरू केलं तरच नीट उपयोगी पडतं.

कलम ६. माझं हृदय संशोधनासाठी मॅडमना. ते बर्फात ठेवावं. शिळं निघाल्यास माझं नाव बोर्डावर लिहू नये.

कलम ७. सगळ्याची अंमलबजावणी मामीने करावी. तिला काही ठेवलेलं नाही, ती तशीही माझ्या कपाटातून हवं ते नेते.

पुरवणी, त्याच दिवशी, दुपारी लिहिलेली.

साक्षीदार म्हणून काका होते, दुसरी सही मैत्रिणीची ठरली होती. मामी म्हणाली, "सायकल मिळणारी सही करू शकत नाही." मग टिटवीला फोन केला. ती ओल्या केसांनी आली, उभ्याउभ्याच सगळं वाचलं.

मामी म्हणाली, "तुझंही नाव आहे की यात. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार व्हायचं नाही."

"मग माझं काढून टाका," टिटवी म्हणाली. "चिमटा आईला द्या, मी तिच्याकडून घेईन." पुढे कलम पाचवर बोट ठेवून माझ्याकडे वळली. "आणि हे काय? सख्ख्या बहिणीला वर्षभराचं शिळं रक्त ठेवतेस? परत तुझ्या मॅडम म्हणतील, दोन ऑक्सिजन."

तिने बाही वर केली. "ताजं घे."

खालच्या दवाखान्यातल्या नर्सने रक्त काढलं. बर्फाची पेटी टिटवीने स्वतः आणली, पोटाशी धरून. सुई मी बसवली, बाबांच्या चिमट्याने. दीड तासाने दोन शिखरं आली. काकांनी तुकडे करून दुसरं घर दोनदा बघितलं.

टिटवी स्क्रीनकडे बघत होती. "किती?"

"बत्तीस. एकतीस पूर्णांक सत्त्याण्णव शतांश."

"म्हणजे बाबांचंच." तिने केस बांधले. मग म्हणाली, "तुझी अपॉइंटमेंट गुरुवारी ना? माझी त्याच वेळेची घे. एका रिक्षात जाऊ. आणि आईला मी सांगणार, तू सांगताना दशांश काढतेस."

सबब कलम ४ मध्ये धाकटीऐवजी आई असं वाचावं. कलम ५ रद्द. सतरा नंबरची ट्यूब तिच्या मालकिणीने तिच्या हाताने फेकली आहे. बाकी कलमं कायम.

सही: थोरली

साक्षीदार १: दशांशकाका, मशीन सांभाळणारे. ("वरील आकडे मी तपासले आहेत.")

साक्षीदार २: टिटवी, पोहण्याची शिक्षिका. या मृत्युपत्रातून काहीही न मिळणारी. मिळायचं ते आधीच मिळालंय.

स्थळ: मशीनच्या खोलीबाहेरचा बाक
दिनांक: ९ मार्च, सोमवार