भाऊच्या नावाची सव्वा मूठ

९ जुलै, रविवार
तात्या आज परत तेच बोलला, मंडळाने तुमच्यासाठी काय कमी केलं. मी म्हटलं, बोर्ड रंगवला ना. सगळे हसले, तो चिडला. पण खोटं काय त्यात? बोर्डावर आपल्या गावाचं नाव, खाली 'सेवा मंडळ, सुरत', त्याच्या खाली अध्यक्ष म्हणून तात्याचं नाव, गावापेक्षा मोठ्या अक्षरात. सेवा कोणी केली? मागच्या साली सुरतेत प्लेगचा रोग आला तेव्हा तात्या आपला टेम्पो भरून सगळ्यात आधी गावी पळाला. माझा भाऊ मंडळाची पट्टी दंडाला बांधून कडोदऱ्याला हायवेवर उभा राहिला. हात दाखवून ट्रक थांबवायचा, गावचं एकेक घर वर चढवायचा. मलाही मागून ढकलून त्यानेच चढवलं. म्हणाला, "तू चाल पुढे, मी मांगतून येस."
सगळं गाव पोचलं. भाऊ पोचला नाही. दहा महिने होत आले. मंडळाची मिटिंग दर रविवारी होते, चहा होतो, भाऊचा विषय शेवटी निघतो आणि तेवढ्यात कोणाची तरी पाळीची वेळ होते.

१२ जुलै, बुधवार
लाइट बंद, म्हणून मागाचं खातं बंद. माग थांबले की कानात उलट जास्त आवाज होतो.
खोलीत पंडित आणि मी. तिसऱ्या जागेवर भाऊची गोधडी घडी करून ठेवलेली. पंडित म्हणाला, नवा माणूस घेऊ का, भाडं हलकं होईल. म्हटलं थांब. थांबतो म्हणाला. चांगला आहे, पण तोही किती थांबेल.
दुपारी तात्या स्वतः खोलीवर आला. उंबऱ्यातच उभा राहिला. म्हणे भाऊचा फोटो दे, मोठा करून घेतो, छापून घेऊ, स्टेशनावर लावू, दवाखान्यात लावू, हे आधीच करायला पाहिजे होतं, माझी चूक झाली. तात्याच्या तोंडून चूक हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.
फोटो एकच आहे. वहिनीला पाठवायला लिंबायतच्या स्टुडिओत काढलेला. मागे पडद्यावर विमान, पुढे भाऊ, नवा शर्ट, हसू दाबलेलं. वहिनीला एक प्रत गेली, ती पहिल्याच पावसाळ्यात भिंतीच्या ओलीने गेली. ही दुसरी. दिली.
रविवारी उगाच जास्त बोललो त्याला, असं वाटलं.

१६ जुलै, रविवार
स्टेशनावर गेलो. पंडितही आला. हमालांना विचारलं, चहावाल्यांना विचारलं. एक जण म्हणाला, "फोटो है?" म्हटलं छापायला दिलाय. तो म्हणाला, "फिर फोटो लेके आना."
बरोबरच आहे त्याचं.

२३ जुलै, रविवार
लिहिवत नाही पण लिहितो.
मंडळाचा वार्षिक कार्यक्रम, शाळेच्या हॉलमध्ये. पाहुणे म्हणून कोणी पुढारी. स्टेजवर टेबल, पांढरी चादर, त्यावर चार फोटो ओळीत. तीन फोटो रोगात गेलेल्या आपल्या माणसांचे. चौथा भाऊचा. एवढा मोठा केलेला, रंग भरलेला. मागचं विमान पुसून तिथे निळं आभाळ केलंय. कपाळाला गंध, गळ्यात हार. पुढे उदबत्ती.
तात्या माइकवर म्हणाला, सेवा करता करता देह ठेवणारा आमचा सुपडू. टाळ्या वाजल्या. मग कोणीतरी म्हणालं, टाळ्या नाही, उभे राहा. सगळे उभे राहिले. मी बसून.
मग मी स्टेजवर चढलो आणि हार काढला. काय करतोय ते कळत नव्हतं, नुसता फुलांचा ओलेपणा हाताला लागत होता. तात्या माझ्या कानाशी वाकून हळू म्हणाला, "बस ना भो, पाहुणा येल शेतस."
म्हटलं, फोटो शोधायला दिला होता.
म्हणाला, "शोधाले बी हाऊच आन हार घालाले बी हाऊच. दुसरा फोटो कोठे शे?"
मला वाटलं चेष्टा करतोय. नव्हता करत. डोळे भरले होते त्याचे. खरंच त्याला वाटत होतं की आपण भाऊला मोठा मान दिला. चोर असता तर कॉलर धरली असती. रडणाऱ्या माणसाचं काय धरू?
चारही घरांना पाकीट. दोनशे दोनशे. वरचा रुपया नाही, दुःखाच्या पैशाला तो नसतो, लग्नाबारशालाच असतो. मी पाकीट घेतलं नाही. तात्याने ते बापूकाकांकडे ठेवलंय म्हणे, तुझा राग उतरला की घे.

२५ जुलै, मंगळवार
फोटो खोलीत आणला. फ्रेम इतकी मोठी की ठेवायला जागा नाही. गोधडीमागे भिंतीकडे तोंड करून ठेवला. पंडितने सकाळी सरळ केला. मी कामावर जाताना परत फिरवला.


२८ जुलै, शुक्रवार
बापूकाका आले. बाबांचे चुलतभाऊ, इथल्या आमच्या भाऊबंदकीत सगळ्यात वडील. श्रावणात कानबाई देवी बसते, तिचे रोट त्यांच्याच खोलीवर होतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजायचे, दळायचे, त्याचंच कानबाईला आणि त्याचंच आपण खायचं. तान्ह्या पोराचीही मूठ असते. माणूस कुठेही असो, मूठ घरात.
तात्याने कार्यक्रमाचं सगळं गावी फोन करून सांगितलं. कौतुकाने सांगितलं. आता गावात लोक म्हणतात, मंडळाने हार घातला म्हणजे नक्की खबर असेल. आणि माणूस गेला असेल तर भाऊबंदकीला सुतक. दहावं झालं नाही तर सुतक फिटत नाही. सुतकात रोट नाहीत. एका भाऊमुळे चाळीस घरांची कानबाई अडली.
काका म्हणाले, "मी वाईट बोलत नही पोर्‍या. एक काय ते ठरवा. जित्ता शे तर मूठ मोजू. नही तर दहावं करा. अर्धं अर्धं कानबाईले चालाव नही."
मी म्हटलं, मला काय माहीत.
"तुले नही माहीत तर कोनले माहीत? हार तू काढा ना?"

३० जुलै, रविवार
गावी फोन लावला, सरपंचाच्या दुकानात. वहिनीला बोलवायला माणूस गेला, तोपर्यंत इकडे मीटर पळत होतं. शेवटी ती आली. धापा टाकत होती.
"भाऊजी, फोटो तुम्हीच दिधा ना?"
हो म्हटलं. शोधायला दिला म्हटलं.
ती म्हणाली, बाया घरी येतात, हाताकडे बघतात. कोणी तोंडाने म्हणत नाही बांगड्या फोड, नुसतं बघतात. परवा तिचा भाऊ न्यायला आला होता. ती म्हणाली, मी कशाच्या नावाने माहेरी येऊ, ते आधी सांगा.
मग मायने फोन ओढला. मायचं एकच. भाऊच्या आधीची दोन पोरं गेली, म्हणून तिने जन्मल्या जन्मल्या त्याला सुपात घालून सुईणीला दिला आणि कोंडा देऊन परत विकत घेतला. म्हणून नाव सुपडू. "मी त्याले इकत लेयल शे. यमले ठावकच नही तो मना शे."
वहिनी मागून म्हणाली, "तुम्ले काय वाटस भाऊजी?"
लाइन कटली. माझ्याकडे परत लावायला पैसे होते. लावला नाही.

४ ऑगस्ट, शुक्रवार
काकांच्या खोलीवर गहू मोजले. दारात चपलांचा ढीग. मला वाटलं होतं काका मला विचारतील. विचारलंच नाही. नाव घेत गेले, मूठ टाकत गेले. मूठ आणि वर चिमूट, मूठ आणि वर चिमूट. पाव मूठ म्हणजे किती यावर दरवर्षी वाद होतो, यंदा कोणी केला नाही.
बाबांचं नाव घेतलं. मग काकांचा हात गव्हात तसाच राहिला. 
मी बोललो नाही. बोलायला हवं होतं का? "हो" म्हटलं असतं तर माझ्या शब्दावर वहिनी म्हातारी होईपर्यंत बसणार. "नाही" म्हटलं असतं तर तिच्या बांगड्या मी फोडल्या.
काका म्हणाले, "सुपडू." मूठ काढली, चिमूट काढली. पण ढिगात नाही टाकली. वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधली आणि देवाच्या फळीवर कडेला ठेवली. मग माझं नाव घेतलं.
बाहेर आल्यावर कोणी म्हणालं, काकांनी बरोबर तोड काढली. हीच का तोड? अर्धं अर्धं चालत नाही म्हणाले होते ना.

७ ऑगस्ट, सोमवार
काल कानबाई बसली, आज सकाळी उठली. डोक्यावर घेऊन बाया पाण्याकडे गेल्या. पोलिसांनी गल्लीतून वळवलं. तात्या मंडळाची पट्टी बांधून रस्ता मोकळा करत होता. मला बघून त्याने एक पट्टी पुढे केली. घेतली नाही. त्याने ती खिशात ठेवली, फेकली नाही, ते मी पाहिलं.
रोट खाल्ले. बाहेरच्याला देता येत नाहीत आणि टाकता येत नाहीत. संपवले.
पुडी फळीवरच आहे.

१३ ऑगस्ट, रविवार
गावाहून आलेल्या माणसाकडे बाबांचा निरोप. पोळा झाला की पिठाचा पुतळा करून भाऊचं सगळं करायचं ठरलंय. ब्राह्मणाला सांगितलंय. मला यायला सुट्टी मिळणार नसेल तर नको येऊ, तीनशे पाठव.
बाबा हे मनापासून म्हणत नसतील. गावात राहायचं तर म्हणावं लागतं. कानबाई कशीबशी निभावली, आता पुढे भाऊच्या पोरीचं नाव शाळेत घालायचंय, भाऊबंदकीत लग्नं आहेत, प्रत्येक ठिकाणी लोक विचारणार. मेलेल्या माणसाचं एकदा होतं. न मेलेल्याचं रोज होतं.
माय काय म्हणाली, विचारलं. तो म्हणाला, माय बोलत नाही.
आणि वहिनी?
"ती पानी भराले जास ना. हातभर बांगड्या घाली जास. पहिले इतल्या नव्हत्या."

१५ ऑगस्ट, मंगळवार
मंडळाचं झेंडावंदन. गेलो नाही. खोलीतून ऐकू येत होतं.
पंडितने नवा माणूस आणला, धरणगावचा. भला वाटतो. भाऊची गोधडी मी माझ्या गोधडीखाली घातली. फोटो बघून त्याने विचारलं, "हे कोण?" पंडित म्हणाला, "याचा भाऊ." "वारले?" पंडितने माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, गावी गेलाय.
माझं मलाच खरं वाटलं नाही. आता तो येईल असं वाटतही नाही. रात्री माग चालताना मी भाऊशी बोलायचो, ते कधी बंद झालं आठवत नाही.

१६ ऑगस्ट, बुधवार
लाइट बंद. मनिऑर्डर करायला पोस्टात गेलो. रांगेत पुढे मागे सगळे खानदेशी, एकमेकांना पत्ता कसा लिहायचा विचारत होते.
बाबांनी सांगितलेले तीनशे मोजून हातात धरलेले. खिडकीवरच्या बाईने गुजरातीत विचारलं, केटला? मी नोटा आत सरकवल्या. तिने मोजल्या, लिहायला घेतलं. वहिनी पाण्याला जाताना दिसायला लागली. मी म्हटलं, एक मिनिट, बेन. खिशात हात घातला, नाणं काढलं, नोटांवर ठेवलं.
ती म्हणाली, "लगन छे?"
मी नाणं तिच्याकडे सरकवलं. बाबांना राग येईल. वहिनीला कळेल. की उलटं, की मी तिला आणखी अडकवलं, कोण जाणे.
मायच्या नावाने. तीनशे एक.