लाल पट्टीची पिन

प्रिय अण्णा,

काल नळदुर्गला हायवेवरच्या धाब्यासमोर तुमचं विमान उभं होतं. म्हणजे तुमच्या विमानाच्या जातीचं. ट्रेलरवर, पंख काढून बाजूला बांधलेले. कुठल्याशा कॉलेजच्या आवारात ठेवायला हैदराबादकडं चाललेलं. हे तुम्हाला नाही सांगायचं, तर कुणाला?

किती लहान असतं हो नॅट! त्याला कोपर टेकून उभं राहता येतं असं तुम्ही सांगायचात, तेव्हा मला वाटायचं, पोरीला खुलवताय.

मी घरी जाऊन कोनाड्यातली पिन आणली. चाकाचा पाय मिटू नये म्हणून खोचायची, ती. उड्डाणाआधी तुम्ही ती काढून कॉकपिटमध्ये बसलेल्या पायलट साहेबांना दाखवायचात, साहेब आतून मान हलवायचे. विमान उतरलं की पहिलं काम, पिन परत खोचायची. एकाहत्तरच्या लढाईत साहेब उडाले ते आलेच नाहीत, आणि पिन तुमच्या हातात राहिली.

मी कॉन्व्हेंटच्या हॉस्टेलवरून सुट्टीला आले की तिची लाल पट्टी मला वाचायला लावायचात. 'रिमूव्ह बिफोर फ्लाइट.' मग आईकडं बघून म्हणायचात, सिस्टरांनी शिकवलेलं वाया न्हाय गेलं. आई म्हणायची, साहेबांच्या फोटोला त्यांच्या घरी कधीच हार चढला असेल, आता तरी ते लोखंड नदीत सोडा.

तुमचं एकच उत्तर. "विमान आलं न्हाय अजून."

पुढं त्याच विमानाची सुधारलेली जात आली, तिच्यावरही तुमचा हात बसला. पिन मात्र कोनाड्यातच. इतका कसला हट्ट, अण्णा? शेवटच्या आजारातही नजर तिकडंच. तुमची यातून सुटका व्हावी, एवढंच मला वाटायचं.

तेच मनात धरून काल ट्रेलरपाशी गेले. ड्रायव्हरला सगळं सांगितलं. हातातला चहा ठेवून त्यानं मला वर चढवलं, चाकाच्या पायातलं भोकही त्यानंच शोधलं. पिन अलगद बसली! त्यानं मान हलवली.

"बसली बघा मावशी. राहू द्या आता. आलं की तुमचं विमान."

मीही तसंच म्हणणार होते. पण नाकापाशी नंबर होता, दुसराच. तुमच्या विमानाचा नंबर मला पाठ आहे, अण्णा. हे विमान तर केव्हाच सुखरूप उतरलं होतं. त्याची पिन कुणीतरी वेळेवर खोचली होती.

मी पिन काढून घेतली. ड्रायव्हरनं मला हात देऊन खाली उतरवलं.

पिन पुन्हा कोनाड्यात आहे. ती मी कुठं सोडणार नाही, दुसऱ्या कशात खोचणार नाही. कुणी विचारलं तर सांगेन, विमान अजून यायचंय.

तुमची,
शैला