जमिनीला लागलेला चेंडू

प्रिय गॅरेट,

काल तिथून कॅडेट बेनीचा फोन आला, तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तू अकादमी सोडतोयस म्हणे. सामान बांधून झालंय, फक्त कर्नलना भेटून राजीनामा द्यायचा राहिलाय. त्यांच्या दारात जाण्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. माझं अक्षर बघून फाडू नकोस.

ती बेसबॉलची फायनल मी आणि बाबांनी वर्कशॉपमध्ये रेडिओवर ऐकली. बाबा एका ट्रॅक्टरखाली आडवे पडून काम करत होते. शेवटचा डाव, आपली एका धावेची आघाडी, त्यांचे दोन गडी बाद, दोघं बेसवर धावायच्या तयारीत, आणि तिसरा बाद झाला की चषक आपला. चेंडू डाव्या मैदानात खाली येत गेला, तू सूर मारलास, ग्लोव्ह वर आला आणि पंचांनी आऊट दिलं. आपण जिंकलो म्हणून मी ओरडलोसुद्धा. मग समालोचक चाचरला. झेल घेणारा पोरगा पंचांकडे चालत निघालाय, म्हणाला. चेंडू आधी जमिनीला लागला, असं तू स्वतः जाऊन सांगितलंस. निकाल फिरला, त्यांच्या दोन्ही धावा धरल्या गेल्या आणि चषक गेला. बाबा ट्रॅक्टरखालून बाहेर आले, हात पुसत म्हणाले, "कुणाचा रे हा मुलगा? आईबापाचं नाव काढलंन पोरानं." मी रेडिओ बंद केला.

आणि तुमच्या कोचसाहेबांनी काय केलं? बेनीने सगळं सांगितलं, परतताना बसमध्ये सगळ्यांदेखत तुला म्हणाले, "पंच कशासाठी ठेवलेत मग? त्यांनी आऊट दिलं, विषय संपला. तू कोण लागून गेलास मध्ये बोलणारा?" आता मेसमध्ये तुझ्या शेजारची खुर्ची रिकामी असते. हॉलिसची ती शेवटची मॅच होती, बिचाऱ्याने दुखरा खांदा घेऊन जीव तोडून चेंडू टाकले, त्याचा राग मी समजू शकतो. पण रोज सकाळी रांगेत त्याने "काय संतमहाराज, आज कुणाला बुडवणार?" म्हणायचं आणि बाकीच्यांनी दात काढायचे, हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कारण याच लोकांनी मला अकादमीतून घालवलं. ड्यूटीवरच्या अधिकाऱ्याला मी सांगितलं, दवाखान्यात होतो. होतो बॅटिंगच्या जाळीत. एवढंच खोटं. शेजारी उभ्या असलेल्या कॅडेटने ते ऐकलं आणि वर कळवलं, कारण तिथला नियमच आहे, स्वतः खोटं बोलायचं नाही, तसं दुसऱ्याचं खपवूनही घ्यायचं नाही. चौकशीला हेच कोचसाहेब बसले होते. मला म्हणाले, "खोट्यात लहानमोठं नसतं, बेटा." मी मान खाली घालून घरी आलो. गावातले लोक अजून विचारतात, सुट्टी संपली नाही का रे तुझी? शिक्षेबद्दल माझी तक्रार नाही. पण चषक हातात येणार असला की खोट्यात लहानमोठं असतं, हे मला तेव्हा का नाही सांगितलं कुणी?

तो शेजारचा कॅडेट तू होतास. रेडिओवरचा तो पोरगा आणि माझं नाव सांगणारा एकच, हे मी बाबांना अजून सांगितलेलं नाही. तुझी दोन्ही पत्रं मी न फोडता परत पाठवली. राग अजून गेलेला नाही, उगाच गोड बोलत नाही. पण त्या झेलावर तू गप्प बसला असतास, तर तुझं तोंड मी जन्मात पाहिलं नसतं. मला एक नियम आणि स्वतःला दुसरा, असं तू केलं नाहीस. त्याच आधारावर मी इथे दिवस काढतोय. आता तूच निघालास तर तिथे कोचसाहेब आणि त्यांचे टाळकरी उरतील. मग माझी वर्दी तू कुणासाठी उतरवलीस? कर्नलकडे जाऊ नकोस. त्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसून जेव, आणि पुढच्या हंगामात डाव्या मैदानात उभा राहा. मला घालवलंस, आता तुला तिथून हलता येणार नाही.

अजून चिडलेला, तरी तुझाच,
ट्रेंट