धाकटा की थोरला

प्रिय पक्कडबाई,

बाळ कसं आहे? तुझी लेक फोनवर म्हणाली की हल्ली ते उताणं पडून स्वतःच्याच हाताकडे बघत बसतं, कितीही वेळ. बघू दे. मोठं झाल्यावर कोण बघतंय आपल्या हाताकडे! तू आजी झाल्यापासून तुला लिहीन लिहीन म्हणतेय, पण मला मेलीला पत्राला निमित्त लागतं. ते आता मिळालं. माझं हत्यार गेलं. तेच गं, पक्कड-पाती सगळं एकातच, मिटलं की मुठीत मावणारं, कमरेला दोरीनं बांधलेलं. पुढच्या पडद्यावरचा दिवा आवळत होते, तर पक्कडीचे दोन जबडे एकमेकांवर बसेचनात, भांडलेल्या जावांसारखे. बिजागरीच झिजली म्हणे. इतकी वर्षं रंगमंचावरचे दिवे टांगले त्यानं, झिजणारच.

मग मी मागच्या गल्लीतल्या हार्डवेअरवाल्याकडे गेले. तुला तो आठवत असेल, गिऱ्हाईक आलं की आधी चष्मा पुसतो आणि मग बोलतो. त्यानं काउंटरवर फडकं अंथरलं आणि दोन मल्टिटूल शेजारी शेजारी ठेवले. मी लगेच त्यांची नावं ठेवून टाकली, धाकटा आणि थोरला. धाकट्यात पक्कड, एक पातं, दोन स्क्रू ड्रायव्हर आणि बाटलीचं झाकण उघडायची खाच, संपलं. थोरल्यात हे सगळं आहेच, शिवाय करवत, कानस, कात्री, टोचा, वायर सोलायची खाच आणि ड्रायव्हरची बदलायची टोकं. एकेक उघडत गेले तर ते फडकं भरून गेलं. मला किती मजा वाटली म्हणून सांगू! एक पातं उघडायला जावं तर शेजारचं त्याच्याबरोबर बाहेर येतं, लग्नाला एकाला बोलवावं आणि अख्खं घर हजर. मी विचारलं, यातलं कोणतं घेऊ? त्यानं पुन्हा चष्मा पुसला आणि विचारलं, “एकट्या काम करता, की जोडीनं?”

साधा प्रश्न. त्याच्या जागी मी असते तरी हाच विचारला असता. पण मी शेवटी बघू म्हणाले. मी दोन्हींकडे आळीपाळीनं बघत राहिले, तेव्हा तोच म्हणाला, आठवडाभर दोन्ही वापरून बघा, एक परत आणा, ओरखडा पडला तर मात्र तो तुमचाच.

तर सध्या मी दोघांना आलटून पालटून कमरेला लावून हिंडते आहे. धाकटा इतका हलका की आहे की नाही ते चाचपून बघावं लागतं. थोरला म्हणजे नाकापेक्षा मोती जड. पँट एका बाजूनं खाली येते, शिडी चढताना मांडीवर आपटतो, आणि खुर्चीत बसले की बरगडीत घुसतो. पण त्याची ती कात्री! रंगीत कागद कापून दिव्यापुढे लावताना इतकी सरळ रेघ येते की उगीचच आणखी एक तुकडा कापावासा वाटतो. कापलाही. त्या कागदाचं आता काय करायचं ते मला ठाऊक नाही, तुझ्या नातवाला पाठवू का? निळा आहे.

माझा स्वभाव तुला माहीतच आहे, दुसऱ्याच्या खिशात काय आहे ते कळल्याशिवाय मला घास गोड लागत नाही. मी सगळ्या नाट्यगृहाला विचारत सुटले. तिकीटखिडकीतल्या बाईंकडे धाकट्यासारखाच आहे, पण त्यांनी त्यातलं पातं आजवर उघडलेलंच नाही, त्या फक्त बाटलीच्या खाचेनं खिडकीवरचे जुने स्टिकर खरवडतात. कपडेपटवाल्या काकांकडे थोरल्याहून थोरला आहे, चामड्याच्या म्यानात, आणि ते वापरतात काय, तर टोचा! पट्ट्याला भोकं पाडायला. एवढा डोलारा कशाला बाळगता म्हटलं, तर म्हणाले, बाकीचं असू दे, वेळ सांगून येत नाही. दिग्दर्शकाकडे काहीच नाही. तो प्रत्येकाकडून मागतो आणि परत द्यायचं विसरतो. हे सगळं ऐकून मला आपलीच गंमत वाटायला लागली. आपण दोघींनी कधी असा विचार तरी केला होता का? तू पहिल्याच दिवशी माझं हत्यार हातात घेऊन पाहिलंस आणि म्हणालीस, हे तुझ्याकडे आहे ना, मग मी बाकीचं आणते. एकीच्या कमरेला जे आहे ते दुसरीच्या कमरेला कशाला? दोन्हीकडून चढायची शिडी, एका बाजूला तू, एका बाजूला मी, वर एकच दिवा. मी आवळायची, तू कापायचीस. तुझी ती पकड अशी की एकदा धरलेली वायर सुटायची बिशाद नाही, म्हणून तर तू पक्कडबाई. खरी पक्कड माझ्या कमरेला असून नाव मात्र तुला मिळालं.

आता जे झालं ते सांगते, हसू नकोस. नाही, हस, मीही हसले. नव्या नाटकाची तालीम चालू होती. त्यात एक राजा आहे, त्याचं सिंहासन उंच चौथऱ्यावर, आणि माझी शिडी त्या चौथऱ्याला लागून. वर एका वायरचं टोक सोलायचं होतं. मी दिव्यावरची नजर न काढता हात बाजूला केला, आपण करतो तसा, तळवा वर. आणि तसाच धरून ठेवला. थोड्या वेळानं हातात काहीतरी आलं. बघते तर चंदेरी रंगाची लाकडी तलवार! राजाला वाटलं, तिच्या चमकीचा उजेडाला त्रास होतोय म्हणून मी ती मागतेय. बिचाऱ्यानं भाषण मध्येच थांबवून शस्त्र माझ्या स्वाधीन केलं. सगळे इतके हसले की दिग्दर्शकानं हे नाटकातच ठेवू या म्हटलं.

गंमत पुढेच आहे. त्या वेळी माझ्या कमरेला थोरला होता. वायर सोलायची खाच असलेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. सगळी पाती जवळ असताना माझा हात तुझ्याकडेच गेला, आणि तुझी बाजू रिकामी आहे हे डोक्याला ठाऊक होतं, हाताला नव्हतं. मी खाली उतरले, बल्ब शोधायचाय असं सांगून विंगेत गेले आणि थोडी रडले. तुझी आठवण येते गं. रागही येतो, खोटं कशाला बोलू? पंधरा दिवस म्हणून गेलीस, आणि आता तर बाळाला दात यायची वेळ झाली. मग त्याचा फोटो बघते, आणि राग कुठे ठेवावा ते कळत नाही. त्या नाकासाठी मलाही काम सोडावंसं वाटेल.

व्यवस्थापक वाईट नाहीत. तुझी चौकशी करतात, बाळाचं वजन विचारतात, त्यांना स्वतःला नातवंडं नाहीत. पण नवं नाटक तोंडावर आलंय आणि त्यांना उत्तर हवंय. एक तर दुसरी जोडीदार बघायची, नाहीतर चाकांचं उंच मचाण येतं म्हणे, एकटीनं काम करता येणारं, कठडा असलेलं, ते मागवायचं. मी मचाणाचं चित्र पाहिलं. चांगलं आहे. मी त्यांना विचारलं, चढायला एकच बाजू आहे का? ते म्हणाले हो, एकच पुरते.

तुझ्या लेकीनं मला आणखी एक गोष्ट सांगितली, चुकून की मुद्दाम ते तिचं तिला माहीत. ती पुन्हा कामावर जाणार आहे आणि तू तिथंच राहावंस असं तिला फार वाटतं. तू काय म्हणालीस ते मी तिला विचारलं नाही. सगळ्या नाट्यगृहाचे खिसे तपासले, पण हे मात्र विचारवेना. हे तुझ्याकडूनच कळायला हवं, म्हणून लिहायला बसले. तर ऐक. हार्डवेअरवाल्याकडे मला एक हत्यार परत द्यायचं आहे आणि त्याच्या प्रश्नाचं उत्तरही. तू येणार असशील तर मी धाकटा ठेवते, मला तेवढाच पुरतो, बाकीचं तुझ्याकडे आहे. येणार नसशील तर थोरला ठेवते, आणि ती वायर सोलायची खाच कशी धरायची ते तेवढं सांग, माझ्याकडून तांब्याची तारही कापली जाते. कारणं लिहू नकोस. बाळ कडेवर असताना लांब पत्र लिहिता येत नाही, आणि कारणं मला दिसतायत, ती नाकीडोळी चांगली आहेत. रुसणार नाही, शपथ. एका कागदावर एकच शब्द लिहून पाठव, धाकटा की थोरला.

तुझीच,
शिडीच्या अलीकडची