श्रुतीचा पुरावा

रविवार, संध्याकाळ. ट्रॉय, अमेरिका.

नात शाळेच्या निबंधासाठी माझा इंटरव्ह्यू घ्यायला बसली. वर्गात एक जुनी कादंबरी वाचतायत. त्यातला कारखान्यातला मजूर मरमर राबतो आणि तरी परिस्थिती त्याला चिरडते. लेखक उगाच रडका आहे, असं श्रुतीला सिद्ध करायचंय. "आजोबा, यू वर्क्ड हार्ड अँड यू मेड इट. यू आर माय प्रूफ!"

मी मान डोलावली. का डोलावली?

वसंता, कॉलेजातला माझा रूममेट. माझ्याहून हुशार आणि माझ्याहून कष्टाळू. व्हिसाच्या रांगेत तो माझ्या पुढे होता. मला घाम फुटलेला बघून म्हणाला, "तू हो पुढे." माझ्या खिडकीतला साहेब हसरा निघाला. शेजारच्या खिडकीतल्याने वसंताला पाच मिनिटांत परत पाठवलं. मग तो जन्मभर इचलकरंजीत राबला. एक कारखाना बंद पडला, मग दुसरा. गेल्या वर्षी भाड्याच्या घरातच गेला.

हे श्रुतीला सांगायचं होतं. पण सूनबाई कौतुकाने बघत होती, आणि खरं म्हणजे मलाही पुरावा व्हायला आवडलं.

"त्या मजुराचंच काहीतरी कमी पडलं असणार," श्रुती जाताना म्हणाली.

वसंताचं काय कमी पडलं? तो फक्त म्हणाला होता, "तू हो पुढे."