ओकाबे-सान काय म्हणाले

१ ऑक्टोबर २००५
नवी डायरी. जुनीचा रंग आवडेना. आज क्लासला गेलो नाही. जपानी बाकावर बसून येत नाही, माणसांत फिरून येते. म्हणून फिरलो. मेधाताई म्हणाली, तुझा व्हिसा त्या क्लासच्या जिवावर आहे, एवढं तरी लक्षात ठेव. भाऊजींनी पेपर वर धरला. जपानी कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर राहून त्यांना न बोलायची सवय लागली आहे.

५ ऑक्टोबर
मोठी बातमी. मी अरुबाइतो, म्हणजे पार्टटाइम काम, करतो त्या इंडियन रेस्टॉरंटात ग्लेन येतो. ऑस्ट्रेलियन. टोकियोजवळ इचिकावात इंग्लिश शिकवतो, जपानी फक्त बिअर मागवण्यापुरतं. त्याचे आजोबा वॉल्टर येताहेत. दुसऱ्या महायुद्धात तोफखान्यात होते, सिंगापूरला पकडले गेले, कैदी म्हणून इथल्या खाणीत आणले. त्या खाणीवर तेव्हा पोरसवदा पहारेकरी असलेला ओकाबे नावाचा म्हातारा नागोयापलीकडे, खाणीजवळच्याच एका खेड्यात जिवंत आहे. आजोबांना त्याला एकच प्रश्न विचारायचाय. ग्लेन म्हणाला, कोणी दुभाषी माहीत आहे का? म्हटलं, समोर उभा आहे.
ताई म्हणाली, मी येते. ती बेंटोच्या, म्हणजे जेवणाच्या डब्यांच्या, दुकानात काम करते, फाडफाड बोलते. पण दुकानातलं जपानी वेगळं आणि इतिहासातलं वेगळं. नको म्हटलं.

९ ऑक्टोबर
युद्धाचे शब्द पाठ करायला बसणार होतो. आधी व्हिजिटिंग कार्ड करायला घेतलं. फाँट निवडण्यात दिवस गेला. शब्द उद्या.
तसा शब्दांवर माझा फार विश्वास नाही. आमचा सांगलीचा मामा सोयरिकीच्या बैठकीत मध्ये बसतो. मुलाकडचे म्हणाले, मुलगी सावळी आहे, की मामा मुलीकडच्यांना सांगणार, मंडळींना मुलगी फार घरंदाज वाटली. बोलणं जसंच्या तसं पोचवलं असतं तर अर्धी सांगली बिनलग्नाची राहिली असती. हेच खरं इंटरप्रिटिंग.

१५ ऑक्टोबर, सकाळ, शिनकानसेन बुलेट ट्रेनमध्ये
वॉल्टर आजोबा ताठ आहेत, पण डॉक्टरांनी सांगितलंय, हा शेवटचा विमानप्रवास. मला वाटलं होतं तोफांच्या धमाकेदार गोष्टी ऐकायला मिळतील. तर म्हणे, तोफ चालवली थोडेच दिवस, बाकी साडेतीन वर्षं फावडं. तोफेवर त्यांच्या शेजारी क्लेम असायचा. वय खोटं सांगून भरती झालेला. तो गोळा उचलून द्यायचा, हे आत सारायचे. शरणागतीचा हुकूम आला तेव्हा दोघांनी तोफेचा मागचा भाग खोलून समुद्रात टाकला, शत्रूच्या हाती लागू नये म्हणून. ते करताना क्लेम रडला होता, आपलंच कुत्रं बुडवावं तसा.
मग खाण, मग हिवाळा, मग क्लेम न्यूमोनियाने गेला. इथल्या पद्धतीने जाळला. राख कुठे गेली, कोणालाच माहीत नाही. युद्धानंतर शोधली, मिळाली नाही. क्लेमची बहीण अजून जिवंत आहे. तिला सांगायचंय तो कुठे आहे. प्रश्न तेवढाच.
मध्येच खाण्याची ट्रॉली आली. ईल मासा घातलेला डबा. त्यामुळे मधलं थोडं निसटलं.

१५ ऑक्टोबर, संध्याकाळ, परतीच्या गाडीत
फत्ते.
ओकाबे-सान वाकलेले. भलतंच गावठी जपानी. टोकियोत कोणी असं बोलत नाही, त्यामुळे शब्द पकडता येत नव्हते. पण चेहरा वाचता येतो. मी प्रश्न विचारला. म्हणजे क्लेमचा फोटो दाखवला, मान हलवली, हात पसरले. म्हातारा पुष्कळ बोलला. बोलता बोलता डोळे पुसले. सुनेला चहा ठेवायला सांगितला, मग एकदम उठला, टोपी घातली, वाकून निघून गेला.
आजोबा माझ्याकडे बघत होते. मामा आठवला. म्हटलं, ते म्हणतात फार वाईट झालं, माफ करा. त्या मुलाचं त्यांना काही आठवत नाही. आता त्यांच्याच्याने बसवत नाही, तुम्ही सुखरूप घरी जा.
आजोबांनी फोटो परत खिशात ठेवला. मग म्हणाले, ठीक आहे. मी चहा संपवला. ग्लेनने कॅमकॉर्डरवर सगळं शूट केलं. सून गडबडीने काहीतरी सांगत दारापर्यंत आली होती. गाडी चुकली असती, म्हणून वाकून निघालो.

२० ऑक्टोबर
आजोबा सिडनीला परतले. दोन देशांमधला साठ वर्षांचा सल मी काढला. यावर एक डॉक्युमेंटरी करावी. कॅमेऱ्यांची माहिती काढली. क्लास राहिला.

५ नोव्हेंबर
फराळाला भाऊजींच्या ऑफिसातले प्रसन्न आणि कस्तुरी आले होते. ग्लेनने सीडी पाठवली होती, लावली. सगळे चकली खात बघत होते. ताई स्वयंपाकघरातून आली आणि उभीच राहिली. म्हणाली, मागे घे. पुन्हा मागे घे. मग चकल्यांचा डबा खाली ठेवला.
ओकाबे-सान म्हणत होते: तो इथेच आहे. राख टाकून द्या असा हुकूम होता, माझ्याच्याने टाकवली नाही. देवळामागे पुरली. दर ओबोनला, पितरांच्या सणाला, मी पाणी घालतो. तुम्ही चहा घ्या, मी पुढे होऊन देवळाचं फाटक उघडतो.
प्रसन्न म्हणाला, अच्छा, खूप उशीर झाला. दुपारचे चार वाजले होते. भाऊजींनी टीव्ही बंद केला. सत्यजित, तू म्हणजे ना, एवढंच बोलले.
मी ताईला म्हटलं, रेकॉर्डिंगमध्ये आवाज स्वच्छ येतो. प्रत्यक्षात पंखा होता.

६ नोव्हेंबर
ताईने तिकडे फोन केला. सून म्हणाली, बाबा त्या दिवशी फुलं घेऊन अंधार पडेपर्यंत देवळाच्या पायरीवर होते. घरी येऊन म्हणाले, आले नाहीत, बरोबरच आहे त्यांचं. तेव्हापासून विषय नाही.
ताई म्हणाली, ऑस्ट्रेलियाला तू फोन करायचास. मी नाही, तूच. तिने सीडीत ‘माफ करा’ हा शब्दही शोधला म्हणे. नाहीये.

७ नोव्हेंबर
फोन उद्या. तिकडची वेळ नीट बघायला हवी.

९ नोव्हेंबर
ताईने नंबर लावून रिसीव्हर हातात दिला आणि समोर उभी राहिली.
सांगितलं. देऊळ, राख, फाटक, सगळं. नीट सांगितलं, यात शंका नाही.
वॉल्टर आजोबा म्हणाले, क्लेमची बहीण मागच्या आठवड्यात गेली. तिला मी सांगितलं होतं, कोणालाच काही आठवत नाही.
मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.
मग त्यांनी विचारलं, ‘‘पण तो माफी मागत होता, ते तरी खरं ना?’’
ताई माझ्याकडे बघत होती.
‘‘हो,’’ मी म्हटलं. ‘‘दोनदा मागितली.’’